टॅपेट कव्हरला रंग देताना

दांडिया बाजारातून एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या यजमानांनी १९७४ सालची अँबॅसडर जिवापाड सांभाळली होती. ते गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी असते आणि पंधरा दिवसांतून एकदा नातू तिला कारेलीबागेपर्यंत फिरवून आणतो. दसऱ्याला बॉनेट उघडून इंजिनालाही हळदकुंकू वाहावयाचे, हा त्या घरचा रिवाज. परवा नातवाने बॉनेट उघडले, तेव्हा इंजिनावरच्या झाकणाचा रंग पोपडे धरून सुटलेला आणि कडेने तेलाचे काळे ओघळ उतरलेले दिसले. ‘बाजारातून स्प्रेचा एक डबा आणून वरच्यावर मारला, तर दसऱ्यापर्यंत निभेल ना?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी जाता जाता त्यांनी आणखी एक वाक्य लिहिले आहे : सिग्नलला गाडी थांबली, की हल्ली जळक्या तेलाचा वास येतो. आमचे उत्तर मुख्यतः त्या शेवटच्या वाक्याला आहे.

ह्या झाकणाला आपले मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्याखाली व्हॉल्व्हांची उघडझाप करणारे रॉकर एका दांडीवर ओळीने बसविलेले असतात आणि त्यांच्यावर तेल सतत उडत असते. ते तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढ्यासाठी हे झाकण. जुन्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मूळचे इंग्रजी, मॉरिस ऑक्सफर्ड ह्या मोटारीच्या घराण्यातले. त्याचे टॅपेट कव्हर म्हणजे पोलादी पत्रा दाबून केलेली एक उपडी लांबट परात. वरून दोन नट, खाली बुचाचे पॅकिंग, एवढाच काय तो बंदोबस्त. (अँबॅसडर उत्तरपाड्याची म्हणून प्रसिद्ध, आणि २०१४ च्या मे महिन्यात ती बंद पडली तीही तेथेच. परंतु हिंदुस्थान मोटर्सचा संसार १९४२ साली थाटला गेला तो ओखा बंदरात, आणि ओखामंडळ त्या काळी बडोदे संस्थानाचा मुलूख होता. १९४८ मध्ये कारखाना बंगालला गेला. बडोदेकरांनी ह्या गाडीवर थोडा माहेरचा हक्क सांगावयास हरकत नाही.)

आता त्या वासाविषयी. ह्या इंजिनात कार्बुरेटर आणि धुराचा मॅनिफोल्ड हे दोन्ही एकाच अंगाला आहेत. टॅपेट कव्हरची त्या बाजूची कड पाझरू लागली, की तेल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकते. गाडी चालत असताना वारा तो धूर मागे नेतो, थांबली की तो बॉनेटखाली कोंडतो आणि वास आत येतो. वास येतो एवढ्यावर भागत असेल तोवर ठीक. पण शेजारीच पेट्रोलचे कार्बुरेटर आहे, हे विसरून चालणार नाही. अशा कडेवर वरून रंग फवारला, तर तेलकट पत्र्यावर तो धरणार नाही. आणि धरला असे दिसले, तर गळती झाकली जाईल, थांबणार नाही. तेव्हा झाकण काढावेच लागेल. मात्र हे काम मिस्त्रीविना घरी होण्यासारखे आहे, आणि दसऱ्यास अजून सव्वा महिना आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, काम सुरू करावे. बॅटरीची एक तार सोडावी. हवेची नळी आणि मध्ये येणाऱ्या इतर तारा बाजूला करून वरचे दोन नट पान्याने काढावेत. त्यांच्याखाली पत्र्याच्या वाट्या आणि रबरी वायसर असतात. ते एका डब्यात मोजून ठेवावेत. झाकण चिकटून बसले असेल तर तळहाताने किंवा लाकडी ठोकळ्याने बाजूंनी हलके ठोकावे. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याचा मोह फार होतो, पण पत्र्याची कड एकदा वाकली, की पुढे कोणतेही पॅकिंग बसविले तरी तेल वाट काढतेच.

झाकण निघाल्यावर उघड्या रॉकरवर लगेच धुतलेले सुती फडके पसरावे आणि त्यावर प्लास्टिकचा कागद बांधावा. फडक्याला सुतळ्या सुटत असतील तर ते फडके नको. इंजिनाच्या माथ्याला चिकटलेले जुने बूच खरवडताना त्याचा चुरा आत पडता कामा नये. टॅपेट कव्हर रंगविण्याच्या उद्योगात इंजिनाचे जे खरे नुकसान होते ते रंगाने होत नाही, आत पडलेल्या कचऱ्याने होते.

मग झाकण उलटे करून आत पाहावे. काळपट तेलाचा थर असणारच. परंतु लोण्यासारखा पांढुरका फेस दिसला, तर तेलात पाणी मिसळते आहे असे समजावे. पंधरा दिवसांतून एकदा कारेलीबागेपर्यंतची फेरी, एवढाच जिचा प्रवास, त्या गाडीत हे पाणी बहुधा इंजिन पुरते न तापल्याने आतल्या आत साचलेल्या दवाचे असते, आणि त्यावर उपाय म्हणजे गाडी कधीतरी हालोलपर्यंत नेणे. पण त्याच सुमारास रेडिएटरमधले पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव आहे. तेव्हा रंगाचा विचार बाजूला ठेवून मिस्त्रीला बोलवावे.

झाकण हाती आहे आणि आतील भाग उघडा आहे, तर टॅपेटमधील फटही जाणकाराकडून तपासून घ्यावी. आठ व्हॉल्व्ह पुढून मागे मोजले, तर आठवा पूर्ण उघडा असताना पहिला तपासावयाचा, सातवा उघडा असताना दुसरा. बेरीज नेहमी नऊ. जुन्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असते.

आता सफाई. वेळेचा नऊ दशांश भाग येथेच जातो, आणि जावा. रॉकेल किंवा डिझेल आणि जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन आतबाहेर धुवावे. पेट्रोल मुळीच वापरू नये. ज्या ओसरीत काम चालले आहे तिच्या पलीकडे देवघरात समई तेवत असते, ह्याचे भान कामाच्या नादात राहत नाही. रॉकेलचा स्वतःचाही एक तेलकट पापुद्रा मागे राहतो, म्हणून त्यानंतर भांड्यांच्या साबणाने व कढत पाण्याने धुऊन झाकण उन्हात ठेवावे. पाण्याचे थेंब पत्र्यावर पसरून सपाट राहिले तर तेल गेले. थेंब गोळा होऊन घरंगळले, तर पुन्हा धुवावे.

जुना रंग काढण्याबाबत एक गंभीर सूचना. पूर्वीच्या इनॅमल रंगांत शिसे सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दहा लाखांत ९० भागांची कायद्याची मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. १९७४ च्या गाडीचा जुना रंग म्हणूनच कोरडा घासू नये. त्याची धूळ श्वासातून आणि हातांवाटे पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला तिचा अपाय मोठ्यांपेक्षा अधिक होतो. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, निघालेला चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून टाकावा, नातवंडांना जवळ बसवू नये आणि त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नये.

पोलादी झाकण कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडविले तर रंग आपोआप सुटतो. परंतु आधी लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटला नाही तर झाकण अॅल्युमिनियमचे असेल; कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. नव्या गाड्यांची झाकणे तर पुष्कळदा प्लास्टिकचीच असतात. त्यांच्या वाटेस जाऊच नये. सोडा वापरणाऱ्याने हातमोजे व चष्मा घालावा आणि सोडा थोडा थोडा थंड पाण्यात टाकावा. सोड्यावर पाणी ओतू नये, ते उसळते. वाळूचा मारा करून झाकण साफ करून देणारी दुकाने असतात. काम सुरेख होते, पण झाकणाच्या आत एखादी पट्टी जोडलेली असेल तर तिच्यामागे वाळू दडून राहते आणि पुढे तेलाबरोबर इंजिनभर फिरते. आम्ही तरी त्या वाटेने जाणार नाही.

रंग पूर्ण निघाला, की झाकण स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर पालथे ठेवावे. (आधी वर्तमानपत्र अंथरावे आणि गृहस्वामिनीची परवानगी घ्यावी. ह्या पत्रात दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीकडे आहेत.) डोळा ओट्याच्या पातळीवर आणून पलीकडे विजेरी धरली, की कड कोठे उचललेली आहे ते फटीतून येणारा उजेड सांगतो. वर्षानुवर्षे नट अवाजवी पिळल्याने मधला पत्रा खाली दबतो आणि कडा वर येतात. लाकडी ठोकळ्यावर ठेवून लाकडी हातोडीने हळूहळू ती कड सरळ करावी. गळती थांबते ती येथे.

रंग कोणता, ह्याबद्दल दुकानदार हमखास सायलेन्सरचा, सहाशे अंश उष्णता सोसणारा रंग पुढे करील. तो घेऊ नये. टॅपेट कव्हर फार तर शंभर अंशांच्या आसपास तापते. ते जास्त उष्णतेचे रंग बहुधा दोनशे अंशांच्या वर भाजल्यावरच पक्के होतात. झाकणाला तेवढी आच कधी लागतच नाही, त्यामुळे रंग कच्चा राहतो आणि पेट्रोलच्या चिंधीबरोबर उतरतो. इंजिनासाठी म्हणून मिळणारा इनॅमल पुरेसा आहे. आणि घरच्या केकच्या ओव्हनमध्ये झाकण भाजण्याची युक्ती कोणी सांगितली तर ती मानू नये. रंगाच्या वाफा ओव्हनच्या भिंतींत मुरतात आणि मग अन्नात उतरतात.

रंगाच्या छटेविषयी त्यांनी विचारलेले नाही, पण सांगून ठेवतो. १९५६ साली इटलीच्या फेरारी कंपनीने एका शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावरील झाकणे लाल रंगविली आणि त्यावरून गाडीचे नावच ‘टेस्टा रोसा’, म्हणजे ‘लाल डोके’, असे पडले. तेव्हा हौसेला मर्यादा नाही. परंतु ही गाडी आता पन्नास वर्षांपुढची आहे, आणि जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी अशा मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली आहे. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे संमेलन भरले होते. तेथे ज्यांनी गाड्या पाहिल्या त्यांना मूळ रूपाचे मोल वेगळे सांगावयास नको. थर घासताना सर्वांत खाली, विशेषतः एखाद्या क्लिपच्या आड, जो रंग सापडेल तो कागदावर टिपून दुकानात न्यावा. यजमानांनी गाडी घेतली तेव्हा त्यांनी पाहिलेला रंग बहुधा तोच असेल.

रंग देण्यास दिवस कोरडा हवा. भाद्रपदात बडोद्याची हवा इतकी दमट असते, की ओल्या रंगावर ओलावा धरून तो दुधट पडतो. पाऊस उघडून दोनतीन दिवस ऊन पडले, की दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान काम करावे. पितृपक्षात नवे काम नको असे कोणी म्हणेल. आमच्या मते ही डागडुजी आहे, नवे काम नव्हे.

आतली बाजू व पॅकिंग बसण्याची कड मास्किंग टेपने झाकावी. आत रंग मुळीच जाऊ देऊ नये. तो गरम तेलाने सुटतो आणि त्याचे पापुद्रे तेलाच्या जाळीत अडकतात. धातूला हाताचा स्पर्श न होऊ देता थिनरच्या चिंधीने पुसून प्रथम प्रायमरचा पातळ हात, मग रंगाचे तीन पातळ हात, डबा वीतभर अंतरावर धरून. दोन हातांमध्ये किती थांबावे ते डब्यावर लिहिलेले असते आणि ते पाळावे. एकदाच जाड थर दिला तर तो ओघळतो, नाहीतर वरून सुकून आत ओला राहतो. दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडा लागला तरी तेल आणि पेट्रोल सोसण्याइतका पक्का होण्यास त्याला आठवडा लागतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंग देऊन दसऱ्याला इंजिन सुरू करणे म्हणूनच व्यर्थ आहे.

बुचाचे पॅकिंग नवे आणावे. जुन्याचे तुकडे कागदावर जुळवून सोबत न्यावेत, म्हणजे दुकानदार दुसऱ्याच इंजिनाचे देणार नाही. पॅकिंग सीलंटचा पातळ हात देऊन फक्त झाकणाच्या कडेला चिकटवावे. इंजिनाकडची बाजू कोरडी ठेवावी, म्हणजे पुढल्या वेळी झाकण विनासायास निघेल. नटांखालचे रबरी वायसरही नवे घालावेत. कित्येकदा तेल कडेतून येते असे वाटते आणि येत असते नटाखालून. नट आळीपाळीने, लहान पान्याने, मनगटाच्या बेताच्या जोराने आवळावेत. बूच किंचित दबले की थांबावे.

मग प्लास्टिक व फडके काढून झाले ना, हे मोजून पाहावे, बॅटरीची तार जोडावी आणि गाडी दहा मिनिटे जागेवरच चालू ठेवावी. इंजिन बंद करून मॅनिफोल्डच्या बाजूच्या कडेखाली विजेरीचा झोत टाकावा. जुने सांडलेले तेल मॅनिफोल्डवर असेल, तर पहिल्या एकदोन फेऱ्यांत थोडा धूर येईलच. त्याने घाबरू नये. इंजिन निवल्यावर नट पुन्हा एकदा हाताशी लागतात का ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडेखालून पांढरा कागद फिरवून तो कोरडा निघतो की नाही, एवढे तपासावे.