पोरांच्या कानातल्या वायरीवर हसणाऱ्यांसाठी



पोस्ट लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. पटलं नाही तर खाली लिहा. दुकानावर येऊन भांडलात तरी चालंल, चहा माझ्याकडून.

परवा गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. आपल्याच राणीसावरगावचं एक पोरगं एसटीची वाट बघत बसलेलं, कानात वायरवाला इअरफोन. खाली लिहिलं होतं, "बापाच्या सोयाबीनला भाव नाही अन् लेकाच्या कानात अठराशेची वायर." झालं. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी पण त्या ग्रुपात आहे. मी गप बसलो. त्या गप बसण्याची लाज वाटली म्हणून हे लिहायलोय.

आधी माझं सांगतो, नंतर कुणी काढायला नको. माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. ही पोरं हे इअरफोन ऑनलाईन मागवतात, माझ्याकडून घेत नाहीत. त्यांची बाजू घेऊन माझा एक रुपयाचा फायदा नाही, झाला तर तोटाच. तरी घेतोय.

पहिली गोष्ट, ते पोरगं माझ्या ओळखीचं आहे. मळणीयंत्रावर धुराळा खाऊन त्यानं ते पैसे जमवले. बापाकडून रुपया घेतलेला नाही. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत टीव्ही, दुसरीत आजी. हे पोलीस भरतीचे तास मोबाईलवर ऐकतं, रात्री गाणी ऐकतं. फोटो टाकणाऱ्यानं हे विचारलं का? नाही. फोटो काढायला परवानगी तरी घेतली का? ती पण नाही.

आता हिशोबावर येऊ. 2025-26 च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. खुल्या बाजारात बहुतेकांचा माल त्याच्या खालीच गेला, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. हमीभावानंच धरलं तरी अठराशे रुपये म्हणजे जवळपास 34 किलो सोयाबीन. ही रक्कम कमी नाही, मी पण शेतकऱ्याचाच पोरगा आहे. पण मग हिशोब सगळ्यांचाच मांडू. 2012 पासून राज्यात बंदी असलेला गुटखा रोज तीस रुपयांचा खाल्ला तर दोन महिन्यांत अठराशे होतात. त्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. टाकला तर निम्मा ग्रुप फोटोत येईल.

आता माझ्या दुकानातल्या भिंतीचं सांगतो. हँगरला शंभरेक इअरफोन लटकलेत. पाकिटावर छापील किंमत 999, विकतो 150 ला. गिऱ्हाईक खूश, साडेआठशे वाचले म्हणून. खरं तर वाचलं काहीच नाही. ती 999 कुणीतरी नुसती छापलेली आहे. त्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रारीचा नंबर नाही. वैध मापनाचे 2011 चे नियम सांगतात की बंद पाकिटावर हे सगळं असलं पाहिजे. मी असा माल विकलाय. कबूल करतो. दोन महिन्यांत एका बाजूचा आवाज जातो, गिऱ्हाईक परत येतं, परत 150 देतं. वर्षाला पाच-सहा होतात. म्हणजे साडेसातशे ते नऊशे रुपये गेले अन् वर्षाच्या शेवटी हातात काय, तर कचरा. यावर कुणी हसत नाही, कारण पैसे थोडे थोडे जातात.

त्या पोरांनी काय केलं? हजार ते दोन हजारांच्या आसपासचे कानात घट्ट बसणारे वायरवाले इअरफोन शोधले. केझेड, मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ अशी नावं तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकली असतील. चिनी कंपन्या आहेत. माझ्या भिंतीवरचा माल पण चिनीच आहे, त्यामुळं 'चायना माल' म्हणून नाक मुरडू नका. फरक कुठं आहे ते सांगतो. यातल्या पुष्कळ मॉडेलांची वायर निघते. दोन बारीक पिना असतात, वायर खराब झाली की दोन-तीनशेत नवी आणून खोचायची, इअरफोन तोच. उलट ते बिनवायरचे डबीतले कानातले घ्या. बॅटरी दमली की सगळा सेट मेला. एवढीशी बॅटरी बदलून द्या म्हणून लोक माझ्याकडं आणतात. मी हात जोडतो. कव्हर चिकटवलेलं असतं, उघडलं की तुटतं. दुरुस्त होणारी वस्तू घेणारं पोरगं उधळ्या अन् दोन वर्षांत फेकायची वस्तू घेणारा हुशार, हा कुठला न्याय?

अन् आता खरा मुद्दा. ही पोरं घेण्याआधी ग्राफ बघतात.

ग्राफ म्हणजे काय, ते मलाही यांनीच शिकवलं. माणसाच्या कानासारखं वागणारं एक यंत्र असतं, त्यात इअरफोन बसवतात. ढोलासारख्या खालच्या आवाजापासून चिपळीसारख्या वरच्या आवाजापर्यंत कुठं किती जोर लागतो ते मोजतात अन् त्याची रेघ काढतात. ती रेघ बघून पोरं सांगतात, "काका, यात खालचा आवाज फुगवलाय," नाहीतर "यात गाणाऱ्याचा आवाज मागं राहतो." मला आधी वाटलं पोरं फेकायलेत. मग मी त्यांचा अन् माझा इअरफोन एकच गाणं लावून ऐकला. पोरं बरोबर होती.

2017 साली जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं 283 हेडफोनांची मापं अन् त्यांच्या किमती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. किंमत वाढली म्हणून माप चांगलं येतं असा काही संबंध त्याला सापडला नाही. आपल्याकडं काय म्हणतात, महाग तेच भारी. ही पोरं त्या म्हणण्याला फसत नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून आपण छाती फुगवतो. त्या जर्मनीत 1945 साली सुरू झालेली सेनहायझर कंपनी माइक अन् हेडफोनसाठी ओळखली जाते. पण आपलं परभणीचं पोरगं म्हणतं, नाव राहू द्या, माप दाखवा. मला याचा अभिमान वाटतो.

कारण आपण माप कधी मागितलं? अडतीवर सोयाबीन घेऊन जातो. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो, 2024 च्या हंगामात केंद्रानं तो 15 पर्यंत चालवून घेतला. पण अडत्याच्या मीटरवर किती आला ते किती जण वाकून बघतात? तो सांगंल तो आकडा, तो कापंल ती कट्टी. 2020 साली सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर बोंब झाली, दुबार पेरणी करावी लागली. पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवतात ते बघा, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. किती जणांनी बघितलं? पिशवीवरचं चित्र बघून पैसे मोजायची सवय आपली. अन् पैसे मोजण्याआधी माप मागणाऱ्या पोरावर आपण हसायलोत.

आता कानाचं. "कान बहिरे होतील" असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकतो, कारण त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलवर गेलात तर आठवड्याला फक्त 4 तास. आवाज थोडा वाढला की वेळ झपकन कमी होते. पण पोरं आवाज वाढवतात कधी? एसटीचं इंजिन घुमायलंय, कानातला इअरफोन सैल, बाहेरचं सगळं आत येतं, मग फुल्ल करतात. भिंतीवरच्या दीडशेच्या मालात हेच होतं. रबर कानात नीट बसलं की बाहेरचा आवाज अडतो, खालचा आवाज गळत नाही, अन् निम्म्या व्हॉल्यूमवर भागतं. म्हणजे पोरांचे कान वाचवायचे असतील तर इअरफोन हिसकावू नका, चांगला बसणारा घ्या अन् आवाज कमी ठेवायला सांगा. चांगल्या इअरफोनवर फुल्ल आवाज केला तर कान तेवढेच जातात, हे पोरांनो तुम्ही पण ध्यानात ठेवा. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं की थांबायचं अन् डॉक्टरला दाखवायचं.

अन् कानाची एवढी काळजी असेल तर लग्नातल्या डीजेचं बोला की. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं वस्तीत दिवसा 55 अन् रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपल्याकडं वरातीत खिडकीची तावदानं थरथरतात, तान्ही लेकरं दचकून रडतात, म्हातारी माणसं छातीवर हात धरून बसतात. त्याचे हजारो रुपये आपणच मोजतो. पोरगं स्वतःच्या पैशानं स्वतःच्या कानात ऐकतंय ते वाया गेलेलं, अन् अख्ख्या गावाचे कान फोडणारा हौशी?

एक प्रसंग सांगतो. भजनातले एक आबा दुकानावर मोबाईल दुरुस्तीला आले होते. शेजारी एक पोरगं बसलं होतं. त्यानं पखवाजाचं रेकॉर्डिंग लावून आपला इअरफोन आबाच्या कानात घातला. आबा अगोदर "काढ रे, गुदगुल्या होतात" म्हणाले. मग गप झाले. पाच मिनिटं डोळे मिटून बसले. काढल्यावर म्हणाले, "कणीक लावलेली बाजू ऐकू यायली रे. मोबाईलवर आजवर नुसती चाटीच ऐकत होतो." जनाबाईंच्या गंगाखेड तालुक्यातली माणसं आपण. ऐकणं ही आपल्याकडं साधी गोष्ट कधीच नव्हती. चांगलं ऐकायचा हक्क फक्त पुण्या-मुंबईवाल्यांना आहे असं कुठं लिहिलंय?

आता पोरांनो, तुमची पाळी. तुमची बाजू घेतली म्हणून डोक्यावर बसू नका.

एक चांगला घेतला की झालं. तिसरा, चौथा, पाचवा कशाला? कान दोनच आहेत. हप्त्यावर इअरफोन घेणारं पोरगं मला भेटलंय, त्याला मी हाकलून दिलं. यूट्यूबवर जो "हजाराच्या आत बाप इअरफोन" म्हणून ओरडतो, त्याच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून तुम्ही घेतलं की त्याला कमिशन मिळतं. जाहिरात असेल, फुकट माल मिळाला असेल तर तसं स्पष्ट सांगायला पाहिजे, असे केंद्राचे जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. सांगत नसेल तर त्याचं ऐकू नका. हजाराच्या इअरफोनला दोन हजाराची वायर लावून आवाज सुधारत नाही, ती पण फेकाफेकीच आहे. ग्राफ मागायला शिकलात ना, मग इथं पण मागा. अन् गाडीवर, रस्त्यावर, रुळावर दोन्ही कान बंद करून फिरू नका. ट्रॅक्टरवाल्याचा हॉर्न ग्राफमध्ये येत नाही.

ऑनलाईन विकणाऱ्यांना पण सोडणार नाही. "फक्त दहा मिनिटं शिल्लक" म्हणून उलटं घड्याळ दाखवायचं अन् दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ परत चालू. असल्या खोट्या घाईला केंद्रानं 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मनाई केली आहे. पैसे घेताना राणीसावरगाव त्यांना सापडतं, माल परत घ्यायचा म्हटलं की "तुमच्या पिनकोडला ही सेवा नाही." माझ्या भाच्याला एका विक्रेत्यानं एकच बाजू वाजणारा नग पाठवला. कुरिअरवाला म्हणाला गंगाखेडला आणून द्या, विक्रेता म्हणाला व्हिडिओ पाठवा, व्हिडिओ पाठवला तर म्हणाला मुदत संपली. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन लावला, तक्रार नोंदवली. मग पैसे आले.

म्हणून हे लिहून ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची अन् महिन्याभरात निकाल लावायचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असू द्या नाहीतर बंगळूरची, तक्रार आपल्या परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा, बिल जपून ठेवा.

शेवटी माझं. या महिन्यापासून माझ्या भिंतीवरचा बिननावाचा माल मी उतरवतोय. आहे तो तोट्यात जाईल, जाऊ द्या. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता अन् बिल असलेलाच माल ठेवणार. दोन-तीन चांगले इअरफोन काउंटरवर ऐकून बघायला ठेवतो. घ्यायचा आग्रह नाही. आवडला तर ऑनलाईन मागवा, माझी ना नाही. गावातल्या बाकीच्या दुकानदार भावांनो, तुम्ही पण विचार करा.

अन् ज्यानं तो फोटो टाकला त्या भावाला एवढंच सांगणं आहे. फोटो काढून टाक. त्या पोराची आई पण त्या ग्रुपात आहे.