तराजूचा पासंग

रिकाम्या तराजूचे एक पारडे खाली झुकत असेल, तर त्या तराजूला पासंग आहे असे आपण म्हणतो. तो दूर केल्यावाचून धान्य कितीही बारकाईने जोखले, तरी वजन खोटेच भरावयाचे. संगणकाच्या व्यवसायातही असा पासंग असतो. तो वरवर काढणे आणि मुळापासून काढणे यांत मोठे अंतर आहे, असे माझे मत आहे.

संगणकाच्या आज्ञावलीतील दोष हुडकण्याच्या साधनास डीबगर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला ‘जीडीबी’ हा त्यांपैकी एक विख्यात डीबगर होय. चालत्या आज्ञावलीस हव्या त्या ओळीवर थांबवावे, तिच्या पोटातील मूल्ये पाहावीत, मग तिला पावलापावलाने पुढे न्यावे, असे त्याचे काम. परंतु दुसऱ्यांचे दोष दाखविणाराच सदोष निघाला तर? म्हणून त्याचीही परीक्षा घ्यावी लागते. ती घेणाऱ्या स्क्रिप्ट जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीसीएल’ या भाषेत लिहितात. डॉन लिब्ज यांचे ‘एक्स्पेक्ट’ हे साधन माणसाच्या जागी बसून डीबगरला आज्ञा देते व आलेले उत्तर अपेक्षित नमुन्याशी ताडून पाहते. ‘डेजाग्नू’ नावाची व्यवस्था निकाल नोंदविते.

आता दोष कसा शिरतो ते पाहू. एखाद्या चलास आरंभी मूल्य न देताच ते वाचू गेल्यास टीसीएल स्पष्ट सांगते, की असे चल अस्तित्वात नाही, आणि तेथेच थांबते. सी भाषेत फंक्शनमधील चलाविषयी अशी हमी नसते. त्या जागी जे काही पडलेले असेल तेच मूल्य म्हणून हाती येऊ शकते. या बाबतीत टीसीएल अधिक प्रामाणिक म्हणावयास हरकत नाही. तथापि अनेक स्क्रिप्ट एकाच दमात एकापाठोपाठ चालविल्या, की पहिलीने सामाईक ठेवलेले चल मागे उरते व दुसरी तेच उचलते. आधीच्या तासाच्या गुरुजींनी फळा पुसला नाही, आणि पुढच्या तासाला मुलांनी त्यावरचाच आकडा गणितात घेतला, असाच हा प्रकार. समूहात उत्तीर्ण होणारी स्क्रिप्ट एकटी चालविताच अडते, आणि लोक तासन् तास डीबगरला दोष देत बसतात.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. डीबगरकडून एखाद्या फंक्शनचा पत्ता मागविला. उत्तर ठरल्या स्वरूपात आले तरच तो चलात साठविला. उत्तर वेगळे आले, तर चल कोरेदेखील नाही; ते जन्मलेच नाही!

यावर सोपा उपाय कोणीही सुचवील: स्क्रिप्टच्या माथ्यावर त्या चलास रिकामे मूल्य द्यावे. एका ओळीचे काम, तक्रार थांबते. या उपायास माझा ठाम विरोध आहे. पुढे त्याच चलावरून अपेक्षित उत्तराचा नमुना बनत असेल, तर रिकामा नमुना कोणत्याही उत्तराशी जुळतो. मग डीबगरने काहीही बरळावे आणि परीक्षकाने ‘पास’ लिहावे! अडून बसणारी चाचणी निदान आपण अडलो हे तरी कळविते. ही चाचणी मात्र वर्षानुवर्षे गोड खोटे सांगत राहील, आणि तिच्या भरवशावर डीबगर वापरणारा आपल्या निर्दोष आज्ञावलीत नसलेला दोष शोधत बसेल.

‘ही केवळ चाचणी आहे, ग्राहकाच्या हाती थोडीच जाते?’ असे म्हणणारेही भेटतात. वजने तपासणारा अधिकारी धान्य विकत नाही, म्हणून त्याची वजने कशीही असावीत काय?

खरी दुरुस्ती थोडी लांबीची आहे. चलास आरंभीच मूल्य द्यावे हे खरेच. परंतु ते मूल्य ‘पत्ता मिळालेला नाही’ असा अर्थ सांगणारे असावे, आणि पुढे जाण्यापूर्वी ते तपासावे. पत्ता नसेल तर पुढची चाचणी घेऊच नये. डेजाग्नूत पास आणि फेल यांखेरीज ‘अनटेस्टेड’ आणि ‘अनरिझॉल्व्ह्ड’ असेही निकाल आहेत, ते अशाच प्रसंगांसाठी. त्यानंतर स्क्रिप्ट एकदा एकटी चालवावी, एकदा इतरांच्या पाठोपाठ चालवावी, आणि शेवटी अपेक्षित नमुना मुद्दाम चुकीचा लिहून ती ‘फेल’ म्हणते की नाही, तेही पाहावे.