नादिया परत का आली?

हॉस्टेलच्या दिवसांत आमच्या मजल्यावर एक पेनड्राइव्ह फिरायचा. तो नक्की कोणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’ नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात ड्रॉइंग सोडून बाकी सगळं होतं. ‘अमेरिकन पाय’चे भागही तिथेच. दुसरा भाग आम्ही आठ-नऊ जणांनी एका कॉटवर दाटीवाटीने बसून, एकाच लॅपटॉपवर पाहिला. नादिया पडद्यावर परत आली तेव्हा खोलीत शिट्ट्या वाजल्या. त्यातली एक माझी होती.

ती परत का आली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. मला तो पडायला बरीच वर्षं गेली. पण एकदा पडल्यावर तो सिनेमा पुन्हा पहिल्यासारखा बघता येईना.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘अमेरिकन पाय’ १९९९ चा. पॉल आणि ख्रिस वाइट्झ या भावांनी काढलेला, अ‍ॅडम हर्झने लिहिलेला. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली चार मुलं शाळा संपायच्या आत ‘पहिला अनुभव’ घ्यायचाच अशी शपथ घेतात. त्यातला जिम सगळ्यात बावळट. त्याच्या शाळेत पूर्व युरोपातून नादिया नावाची मुलगी शिकायला आलेली असते. ती अभ्यासाला जिमच्या घरी येणार, त्याच्या खोलीत कपडे बदलणार, हे कळल्यावर मित्र त्याला वेबकॅम लावायला सांगतात. तो लावतो. लिंक मित्रांना पाठवताना चुकून अख्ख्या शाळेला जाते. ब्लिंक-१८२ हा बँडसुद्धा एका शॉटमध्ये ते बघत बसलेला दिसतो. नादियाला काहीच माहीत नाही. प्रकरण बाहेर येतं आणि तिला मायदेशी परत पाठवलं जातं.

जिमचं काय होतं? लोक त्याला हसतात. तो शाळेत जात राहतो, प्रॉमला जातो, त्याची शपथही पूर्ण होते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, ‘अमेरिकन पाय २’ आला. दिग्दर्शक जे. बी. रॉजर्स, लेखक तोच. आता मुलं कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीसाठी तळ्याकाठी घर भाड्याने घेतात. आणि बातमी येते, की सुट्टी संपायच्या सुमारास नादिया येणार आहे. कशासाठी? जिमसाठी. ज्या मुलाने तिला न विचारता तिचं शरीर शाळाभर दाखवलं, ज्याच्यामुळे तिला शाळा सोडून परत जावं लागलं, त्याच्याकडेच ती उरलेली गोष्ट पूर्ण करायला येतेय. आणि जिमला कसली काळजी लागते? आपण तिला तोंड कसं दाखवायचं, ही नाही. आपल्याला ऐन वेळी ‘जमेल’ की नाही, ही. मग तो मिशेलकडे शिकवणी लावतो. अख्खा सिनेमा या शिकवणीवर उभा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. पहिला भाग ही चूक म्हणून सोडून देता येईल, दुसरा नाही. वेबकॅम नवा होता, विशी-तिशीतल्या लेखक-दिग्दर्शकांच्या डोक्यात विनोद आला, तो चालून गेला, असं म्हणता येतं. पण दुसऱ्या भागाच्या वेळी ते सगळे टेबलाशी बसले होते, हातात पैसा होता, वेळ होता, आणि नादियाला परत आणायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. तिला आणायचं, पण तिच्याशी त्या दुपारबद्दल कोणी नीट बोलायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. जिच्यावर अन्याय झाला तिलाच बक्षीस म्हणून सजवून आणलं, की अन्याय झालाच नव्हता असं सिद्ध होतं. तिची काही तक्रार नाही ना, मग तुमची का? ती परत आली, कारण तिच्या परत येण्याने जिम सुटतो. आणि जिमबरोबर ते बघून हसलेले आपण सगळेच सुटतो.

हा सौदा लोकांना आवडला. एकट्या अमेरिकेत दुसऱ्या भागाने १४ कोटी डॉलरहून जास्त धंदा केला, पहिल्यापेक्षा जास्त.

आता बचाव ऐकू. मी स्वतःच हे बचाव वर्षानुवर्षं केलेत, त्यामुळे ते मला पाठ आहेत.

पहिला बचाव: विनोद जिमवर आहे, नादियावर नाही. फजिती त्याची होते, जग त्याला हसतं. खरंय. पण फजिती आणि शिक्षा यांत फरक असतो. फजिती आठ दिवसांत विरते आणि पुढे मित्रांत सांगायचा किस्सा होते. नादियाच्या वाट्याला आलं ते विमानाचं तिकीट.

दुसरा बचाव: काळ वेगळा होता, तेव्हा कोणाला हे कळत नव्हतं. कळत होतं. सिनेमालाच कळत होतं! नाहीतर नादियाला घरी पाठवायचा प्रसंग लिहिलाच कशाला असता? मुलीसाठी याचा परिणाम भयंकर असतो हे लेखकाला पक्कं ठाऊक होतं. त्याने तो परिणाम एका वाक्यात उरकला आणि पुढच्या विनोदाकडे वळला.

आणि याहून मोठा पुरावा दुसऱ्या भागातच आहे. मुलं ज्या घराला रंग द्यायचं काम करत असतात, तिथे राहणाऱ्या दोन तरुणी एकमेकींच्या प्रेयसी असाव्यात, असा संशय त्यांना येतो. ती चोरून घरात शिरतात आणि पकडली जातात. त्या तरुणी डाव उलटवतात. तुम्हाला आम्हाला बघायचंय? मग आधी तुम्ही एकमेकांना हात लावा, आम्ही बघतो. हे सगळं वॉकी-टॉकीवरून बाहेर जातं आणि भलतेच लोक ऐकत बसतात. संपूर्ण मालिकेतला मला वाटतं हा सगळ्यात हुशार प्रसंग आहे. कारण इथे बघणारेच बघितले जातात, चोरून ऐकणं त्यांच्यावरच उलटतं आणि त्यांचे चेहरे कसे होतात ते आपल्याला दिसतं.

पण एक गोष्ट नीट बघा. एका टप्प्यावर मुलं ‘आता बस’ म्हणतात आणि खेळ तिथेच थांबतो. त्यांना नाही म्हणता येतं, आणि त्यांचं नाही ऐकलं जातं. म्हणजे संमती म्हणजे काय, हे या सिनेमाला नेमकं माहीत आहे. मुलांच्या बाबतीत तो ती काटेकोरपणे पाळतो. नादियाच्या वेळी मात्र त्याला तिची आठवण होत नाही.

तिसरा बचाव सगळ्यात सोपा: तुम्ही सोवळे आहात, तुम्हाला चावटपणा चालत नाही. उलट आहे. मला हा प्रकार आवडतो. वयात येणाऱ्या पोरांच्या शरीराची फजिती, त्यांचं अडाणीपण, खोट्या बढाया, हे सगळं विनोदाचं अस्सल खाद्य आहे. जिमचा बाप, म्हणजे यूजीन लेव्हीने केलेली भूमिका, तर मला आजही हवाहवासा वाटतो. पोराचं काहीही बाहेर येवो, तो माणूस अवघडत, घसा खाकरत, पण शेजारी येऊन बसतो. दुसऱ्या भागात पोरगा गोंदाच्या महाभयंकर अपघातात सापडतो तेव्हाही बाप दवाखान्यात हजर. आपल्या किती घरांत अशा विषयावर बापाने पोराशी एक वाक्य तरी बोललंय? टीव्हीवर चुंबन आलं की रिमोट शोधणाऱ्या घरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना तो बाप म्हणजे परग्रहावरचा प्राणी वाटला होता. म्हणून सेन्सॉरने कात्री लावावी असं मी म्हणणार नाही. कात्रीने चावटपणा जातो आणि निर्लज्जपणा तसाच राहतो. आपल्याला नेमकं उलट हवंय.

बरं, वेबकॅम हा एकदाचा अपघात होता का? २००५ मध्ये याच नावाने थेट डीव्हीडीवर ‘बँड कॅम्प’ आला. त्यात स्टिफलरचा धाकटा भाऊ संगीत शिबिरात छुपे कॅमेरे लावतो, मुलींचं चोरून चित्रण करतो. शेवटी तो सुधारतो आणि नायिका त्याला मिळतेच. थोडक्यात काय, आधी चोरून बघा, मग जरा बरं वागा, की मुलगी तुमचीच.

पडद्याबाहेर असं होत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याने वेबकॅम सुरू ठेवून आपल्या रूममेटला दुसऱ्या पुरुषासोबत असताना पाहिलं आणि ते ट्विटरवर सांगितलं. काही दिवसांत त्या अठरा वर्षांच्या रूममेटने आयुष्य संपवलं. २०१२ मध्ये न्यायालयाने वेबकॅमवाल्याला दोषी ठरवून ३० दिवसांची कैद सुनावली. पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला आणि त्याने एक सौम्य गुन्हा कबूल केला. एका सिनेमामुळे हे घडलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण खोली, कॅमेरा, मित्रांना ‘बघा रे’ म्हणणं, सगळं तेच होतं. त्याच २०१२ मध्ये ‘अमेरिकन रीयुनियन’ आला. जुनी मंडळी पुन्हा जमली, नादियासुद्धा क्षणभर दिसली.

आपल्याकडे तर वेबकॅमही लागला नाही. २००४ मध्ये दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाइल क्लिप देशभर फिरली आणि एका लिलावाच्या वेबसाइटवर विकायलाही आली. वेबसाइटच्या प्रमुखाला अटक झाली. त्या घटनेची छाया घेऊन अनुराग कश्यपने २००९ च्या ‘देव डी’मध्ये लेनीची गोष्ट सांगितली. हाही चावट सिनेमाच आहे, शरीराबद्दल अजिबात न लाजणारा. पण क्लिप फिरल्यानंतर घरात काय होतं, बाप पोरीकडे कसा बघू शकत नाही, हे तो लेनीच्या बाजूने दाखवतो. म्हणजे जमतं. चावटपणा आणि माणुसकी एका सिनेमात राहू शकतात.

कायदाही उशिरा का होईना, आला. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४-सी हे कलम घातलं गेलं, आता ते भारतीय न्याय संहितेत ७७ वं आहे. स्त्रीचं खाजगी क्षणातलं चित्रण चोरून करणं हा गुन्हा आहेच. पण त्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फोन हातात असलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: तिने चित्रण करू दिलं असेल, पण ते दुसऱ्यांना दाखवायला होकार दिला नसेल, तर ते पसरवणं हाही गुन्हाच. ‘तिनेच पाठवलं होता व्हिडिओ’ हे उत्तर चालत नाही.

हे मी आज लिहितोय. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी काही केलं असतं का, याची खात्री नाही. कारण तो पेनड्राइव्ह फिरत होता त्याच वर्षी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एक क्लिप आली. अठरा सेकंदांची. आमच्याच वर्गातली मुलगी होती. कोणी पाठवली, कोणी काढली, सगळ्यांना ठाऊक होतं. मी ती पुढे पाठवली नाही, हे स्वतःला कितीतरी वर्षं मोठ्या अभिमानाने सांगत आलो. पण मी ती पाहिली होती. आणि ग्रुपवर हसणाऱ्या इमोजींच्या रांगेत माझीही एक होती.

पुढच्या सेमिस्टरला ती आली नाही. हजेरी घेताना सरांनी दोन-तीन दिवस तिचं नाव घेतलं, मग नावच गळालं. ज्याने क्लिप काढली तो आमच्याबरोबर पास झाला, निरोप समारंभात नाचला. आता दर वर्षी रीयुनियनचा बेत ठरतो, तेव्हा ग्रुपवर सगळ्यात आधी ‘मी येतोय’ असं तोच लिहितो.

त्या ग्रुपवर ती नाही. तिला कोणी बोलावलेलं नाही.