सिस्टरना पेशंटला उठवू द्या!

डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक एक वाक्य हमखास बोलतात: "सिस्टर, आत्ताच कुठे डोळा लागलाय, सारखं कशाला उठवता?" काही जण तक्रारही करतात. स्पष्टच सांगतो, ही तक्रार पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत रक्त साचले किंवा मेंदूला सूज आली की दाब वाढतो. पहिला सीटी स्कॅन ठीक असला तरी काही तासांनी हे घडू शकते. नीट बोलणारा पेशंट हळूहळू गुंगीत जातो, घोरू लागतो आणि घरच्यांना वाटते, छान झोप लागली! झोप की बेशुद्धी, हे उठवल्याशिवाय कळत नाही.

यासाठी सिस्टर 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६, असे जास्तीत जास्त १५ गुण. कमीत कमी ३. हाकेला उत्तर आले नाही तर खांद्याजवळचा स्नायू दाबून पाहतात. हा निर्दयपणा नव्हे, तपासणी आहे. टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्याही पाहतात. महत्त्वाचा असतो तो बदल: १४ चे १२ झाले किंवा एक बाहुली मोठी झाली, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे लागते.

आता रुग्णालयांविषयी. मॉनिटर नाडी, ऑक्सिजन दाखवतो. पेशंट शुद्धीवर आहे का, हे दाखवत नाही. मशीनवर लाखो रुपये खर्च करायचे आणि रात्री वीस पेशंटमागे एकच सिस्टर ठेवायची, मग दर अर्ध्या तासाने तपासणी होणार कशी? चार्टवर 'मागील पानावरून पुढे' तोच आकडा उतरतो. दोष त्या सिस्टरचा नाही, नेमणूक टाळणाऱ्या व्यवस्थापनाचा आहे.

म्हणून तक्रार करायचीच असेल तर उठवल्याची नको, न उठवल्याची करा. "किती वेळाने तपासणार? मागचा स्कोअर किती होता?" हे नम्रपणे पण जरूर विचारा. पेशंटला कमी ऐकू येत असेल, मराठी समजत नसेल किंवा एखादा हात आधीपासून अधू असेल तर ते आधीच सांगा. उलटी झाली, असंबद्ध बोलू लागला, एक बाजू हलेनाशी झाली, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता सिस्टरना हाक मारा.