तोफगोळ्यांचा कारखाना आणि आपली वरकस जमीन



वाटद हे गाव आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. पोलादपूर सोडलं, कशेडी उतरलं, खेड-चिपळूण मागे टाकलं की रत्नागिरी तालुका लागतो. त्यात जयगडच्या बाजूला हे गाव. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात आपल्याला 1000 एकर जागा मिळाली आहे असं रिलायन्स डिफेन्स या कंपनीच्या मालकांनी 2024 च्या अखेरीस जाहीर केलं. तिथे दरसाल दोन लाख तोफगोळे, दहा हजार टन स्फोटकं आणि दोन हजार टन गोळा ढकलणारी दारू बनणार. हे आकडे कंपनीनेच सांगितलेले आहेत. वाटद-खंडाळा भागातले शेतकरी भूसंपादनाला विरोध करत आहेत.

आपण राहतो वरंध घाटाच्या पायथ्याला. आपल्या डोंगरात तोफगोळ्याचा कारखाना आणायला कोण येतंय, असं कुणीही विचारेल. आज कुणी आलेलं नाही, ते आधीच स्पष्ट सांगतो. उगाच भीती घालायची नाही. पण कायद्याच्या कागदात एक शब्द घुसला आहे आणि त्या शब्दाला हात लागला की आपले हक्क बाजूला सरकतात. तो शब्द म्हणजे संरक्षण.

हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या बापजाद्यांची वरकस, त्यांची दळी, खैराची झाडं आणि काथाचा धंदा ज्या कायद्याने गेला त्याने रानाला राखीव वन म्हटलं, संरक्षित वन म्हटलं. साहेब आला तो वनसंरक्षक. त्याच्याही आधी ईस्ट इंडिया कंपनीने मलबारच्या किनाऱ्यावरचं सागवान आपल्या ताब्यात घेतलं ते लढाऊ जहाजं बांधायची म्हणून. म्हणजे रान आणि लढाई यांची गाठ दोनशे वर्षांपूर्वी घातली गेली, आणि गाठ घालणारी तेव्हाही कंपनीच होती.

आता सैनिकांबद्दल. याच्यावर आमची जीभ जरा अडखळते, कारण आपला महाड तालुका फौजेचा तालुका आहे. फौजी आंबवडे हे गाव इथलंच, तिथे घरटी माणूस फौजेत. सीमेवर उभा राहणारा पोरगा कुणाचा, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून कुणी म्हणालं की कारखान्याला विरोध म्हणजे फौजेला विरोध, तर त्याला विचारा : बाबा, फौजीला पगार सरकार देतं, तो लढला तरी तेवढाच आणि नाही लढला तरी तेवढाच. कंपनीचं तसं आहे का?

कंपनीचं कसं आहे ते जरा बघू. आपल्या बैठकांत शेअरबाजाराचं नाव निघत नाही, पण जमीन तिकडूनच हलते. नवी मुंबईत महापेला आयडियाफोर्ज नावाची ड्रोन बनवणारी कंपनी आहे. शिकलेल्या पोरांनी काढली, फौजेला ड्रोन दिले, चांगलं काम केलं. 2023 च्या जुलैत तिचा शेअर बाजारात आला. कंपनीने 672 रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी तेराशेच्या आसपास गेला. पुढे सरकारी ऑर्डरी आटल्या, कंपनी तोट्यात गेली आणि भाव 672 च्याही खाली उतरला. मे 2025 मध्ये पाकिस्तानशी लढाई पेटली तशी ड्रोनवाल्या कंपन्यांचे भाव पुन्हा उसळले. यात कुणी चोरी केली असं आम्ही म्हणत नाही. पण धंदा कसा चालतो ते दिसतं. शांतता असली की मंदी, गोळीबार झाला की तेजी. जर्मनीत ऱ्हाइनमेटाल ही तोफगोळ्यांची जुनी कंपनी आहे. 2022 मध्ये युक्रेनची लढाई सुरू झाल्यापासून तिचा शेअर दहा पटींहून वर गेला. अमेरिकेत ॲन्डुरिल नावाची कंपनी 2017 ला निघाली. तिने जून 2025 मध्ये एका फेरीत अडीच अब्ज डॉलर उभे केले. हा सगळा पैसा फिरतो आहे आणि त्याला बसायला जागा पाहिजे. स्फोटकांना तर फारच जागा लागते, कारण एक शेड उडाली तर शेजारची उडू नये म्हणून मध्ये मोकळं रान सोडावं लागतं.

आणि हे तोफगोळे कुणाच्या संरक्षणासाठी? मे 2025 मध्ये रिलायन्स डिफेन्सने त्याच ऱ्हाइनमेटालशी करार केला, की स्फोटकं आणि दारू आम्ही तुम्हाला पुरवू. देशातून 2024-25 साली 23,622 कोटींची शस्त्रसामग्री बाहेर गेली, त्यात 15,233 कोटींची खाजगी कंपन्यांची. बाहेर विकायला आमची ना नाही, आंबा विकतात तसं तेही विकावं. फक्त बाहेर विकायच्या मालाला देशाचं संरक्षण म्हणू नये आणि त्या नावावर गावाची संमती वगळू नये.

संमती वगळता येते का? येते, तशी सोय करून ठेवली आहे. 2013 चा भूसंपादन कायदा झाला तेव्हा खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधितांची संमती लागेल आणि आधी सामाजिक परिणामांची तपासणी होईल असं ठरलं. महाराष्ट्राने 2018 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती केली. देशाची सुरक्षा, संरक्षण आणि संरक्षण उत्पादन यांच्या प्रकल्पांना सरकार या दोन्ही अटींतून सूट देऊ शकतं. उत्पादन या शब्दाकडे लक्ष द्या. पूर्वी संरक्षणाचं उत्पादन म्हणजे सरकारी कारखाना होता : अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती. 2001 मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं. 2020 मध्ये परदेशी मालकी परवानगीशिवाय 74 टक्क्यांपर्यंत चालेल असं झालं. 1 ऑक्टोबर 2021 ला ते 41 सरकारी कारखानेही सात कंपन्यांत वाटून टाकले. म्हणजे मालक बदलला, कायद्यातला मानाचा शब्द मात्र तोच राहिला, आणि तो मान आता शेअरबाजारातल्या मालकाला मिळतो. एमआयडीसीचा 1961 चा कायदा तर याहून सोपा, त्यात संमती कुणी विचारतच नाही.

रानाचंही तेच. वनसंवर्धन कायद्यात 2023 ला दुरुस्ती झाली. सुरक्षेशी संबंधित बांधकामाला 10 हेक्टरपर्यंत वनजमीन त्या कायद्याच्या परवानगीशिवाय देता येते. 10 हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आपल्यातल्या कुठल्या वाडीकडे पंचवीस एकर आहे, सांगा!

आणि आपल्याला काय मिळतं? वनहक्क कायद्यात कसत असलेली जमीन, तीसुद्धा 13 डिसेंबर 2005 आधीपासूनची, जास्तीत जास्त 4 हेक्टर. हातात प्रत्यक्ष पडते काही गुंठे. नकाशा चुकीचा, पुरावा अपुरा, सही राहिली, म्हणून दावे परत येतात. 1000 एकर म्हणजे सुमारे 400 हेक्टर. कायद्याने जास्तीत जास्त द्यायची म्हटली तरी ती शंभर कुटुंबांची जमीन झाली. ती एका कंपनीला एका कागदावर मिळते. एमआयडीसी ती 95 वर्षांच्या पट्ट्याने देते. नाचणी पेरणाऱ्याकडे तीन पुरावे मागतात, गोळा बनवणाऱ्याकडे एक प्रस्ताव.

नोकऱ्या मिळतील, असं सांगतात. जानेवारी 2025 मध्ये दावोसला राज्य सरकारने रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरशी रत्नागिरीसाठी करार केला : गुंतवणूक 16,500 कोटी, रोजगार 2,450. भागाकार करा. एका नोकरीमागे पावणेसात कोटी रुपये. ही यंत्रांची गुंतवणूक आहे, माणसांची नाही. वर जी थोडी माणसं लागतील त्यांना आयटीआय पाहिजे, केमिस्ट्री पाहिजे. दिवाळी झाली की वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर जाणाऱ्या आपल्या पोरांची शाळा चौथीत सुटते. त्यांना काय मिळणार? पॅकिंग, हमाली, झाडलोट, तेही ठेकेदाराकडून.

पॅकिंग म्हणजे सुरक्षित काम असं समजू नका. नागपूरजवळ बाजारगावला सोलार कंपनीचा मोठा कारखाना आहे. ही कंपनी खाणीतल्या सुरुंगांची दारू करत करत वाढली आणि आता फौजेला रॉकेट, ड्रोन देते. खाजगी संरक्षण उद्योगाचं यशस्वी उदाहरण म्हणून तिचंच नाव घेतात. 17 डिसेंबर 2023 ला तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये स्फोट झाला. नऊ माणसं गेली, त्यात सहा बाया. सरकारी कारखाना असला म्हणजे वाचतो असंही नाही. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या दारूगोळा कारखान्यात आठ कामगार गेले. आपल्याला हे दूरचं वाटायचं कारण नाही. 2023 च्या नोव्हेंबरात महाड एमआयडीसीत औषधाच्या कारखान्यात स्फोट होऊन अकरा कामगार गेले. आणि तिथे तर बॉम्ब बनत नव्हते.

कुंपणाबाहेरचं कुणी बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यात उरणला नौदलाचा शस्त्रसाठा आहे. त्याच्या भोवती सुरक्षा पट्टा लागला आणि पट्ट्यात आलेली घरं तीस वर्षांहून जास्त काळ अडकून आहेत. ती आपली असून आपली नाहीत. त्या माणसांची जमीन कुणी विकत घेतली नाही, फक्त नकाशावर एक रेघ मारली. दारूगोळ्याचा कारखाना म्हणजे जेवढी जागा कागदावर, त्याहून मोठी जागा दबावाखाली. गुरं कुठे न्यायची, राब कुठे भाजायचा, लाकूडफाट्याची वाट कुठून, हे त्या रेघेवर ठरणार.

आणखी एक. कंपनी बुडाली तर? हा प्रश्न वेडगळ नाही. गुजरातेत पिपावावला नौदलाची जहाजं बांधायची म्हणून गोदी उभी राहिली. 2015 नंतर ती याच रिलायन्स समूहाने घेतली. जानेवारी 2020 मध्ये ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि डिसेंबर 2022 मध्ये स्वान नावाच्या तिसऱ्याच कंपनीकडे द्यायचं कोर्टाने मान्य केलं. कामगार, बँका, ठेकेदार सगळे रांगेत उभे. अशा वेळी जमीन मूळ मालकाकडे येत नाही, ती कर्जाच्या हिशेबात जाते. आपला कातकरी सावकाराकडून दोन हजार उचलतो तर भट्टीवर सहा महिने फेडतो. कंपनी हजारो कोटी उचलते आणि हात झटकते. दोघांनाही कर्जच म्हणतात, गंमतच आहे.

आता आपण काय करू शकतो. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे पेसा कायदा आपल्याला लागू नाही. तलाठी, एजंट, पुढारी हे मोठ्या आवाजात सांगतात आणि आपण गप्प बसतो. पण वनहक्क कायदा 2006 चा आहे आणि तो सगळीकडे लागू आहे, रायगडातसुद्धा. त्याचं कलम 4(5) सांगतं की दाव्यांची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही वनजमिनीवरून हटवता येणार नाही. 2018 च्या दुरुस्तीने किंवा 2023 च्या सुटीने हे कलम रद्द झालेलं नाही. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर वेदांता कंपनीला बॉक्साइट पाहिजे होता. 18 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की डोंगरिया कोंधांच्या ग्रामसभा ठरवतील. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नको म्हणाल्या, खाण झाली नाही. आपल्या पेण तालुक्यात 21 सप्टेंबर 2008 ला बावीस गावांनी रिलायन्सच्या एसईझेडवर मत दिलं. ते एसईझेडही झालं नाही. तिथे आदिवासी किती आणि आगरी किती हा हिशेब कुणी केला नव्हता. आपणही धनगरवाडा, कातकरवाडी, कोळीवाडी असा हिशेब करत बसू नये.

म्हणून आमचं मत असं की कंपनी यायची वाट बघू नये. वैयक्तिक दाव्यात आपण अडकून पडलो, सामूहिक दावे मागे राहिले. चराई, मध, शिकेकाई, हिरडा, पाणवठे, देवाची जागा, हे सामूहिक दाव्यात लिहिलं गेलं पाहिजे. कातकरी हा आदिम जमातीत धरलेला समाज आहे, त्याला या कायद्यात वस्तीक्षेत्राचा वेगळा हक्क आहे. तो मागणारे फार थोडे. ग्रामसभेला निम्मे सभासद आणि त्यात एक तृतीयांश बाया हजर असल्या पाहिजेत, नाही तर ठराव टिकत नाही. भट्टीवरून माणसं परतल्याशिवाय ग्रामसभा लावली तर ती कशासाठी लावली हे लगेच विचारा.

ज्या वाड्या खाजगी जागेवर किंवा फॉरेस्टच्या जागेत आहेत आणि गावठाणात धरलेल्या नाहीत, त्यांचं काम आधी. केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली आणि घरमालकांना पत्रकं दिली. ड्रोन वरून सगळं बघतो म्हणतात, पण जी वाडी गावठाणातच नाही तिला त्या मोजणीतून पत्रक मिळत नाही. ज्यांच्याकडे जुनी दळीची पावती, दंडाची पावती, मतदार यादीतलं आजोबाचं नाव, शाळेचा दाखला, काहीही असेल, त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या बैठकीला आणावं. तळियेला 2021 च्या जुलैत दरड आली तेव्हा कागदही मातीखाली गेले होते. म्हणून झेरॉक्स दोन काढा, एक संघटनेकडे ठेवा. पावसाळ्याआधी हे झालं पाहिजे, नंतर घाटाचा रस्ता बंद होतो आणि प्रांताच्या कचेरीत जायला कुणाला जमत नाही.