दिद्दा आणि कल्हणाचे न्यायासन

भूतकाळ कथन करणाऱ्या कवीची वाणी न्यायाधीशाप्रमाणे रागद्वेषरहित असावी, ही 'राजतरंगिणी'च्या प्रारंभीची कल्हणाची भूमिका अभ्यासकांनी निव्वळ प्रतिज्ञा न मानता प्रमाणपत्र मानली, आणि काश्मीरच्या दिद्दा राणीचा निकाल तेथेच लागला. राणी १००३ मध्ये वारली. कल्हण लिहितो ११४८-४९ मध्ये. नंदिगुप्त आणि त्रिभुवन या नातवांना तिने अभिचाराने मारले, असे तो सांगतो. रणादित्याची तीनशे वर्षांची कारकीर्द कविकल्पना म्हणून बाजूला सारणारे विद्वान या चेटकापुढे मात्र निमूट माना डोलावतात! मंत्राने माणूस मरत नसेल, तर आरोपात उरते काय? भीमगुप्ताच्या बंदिवासातील छळमृत्यूची गोष्ट वेगळी. तेथे जादूटोणा नाही आणि राणीला निर्दोष ठरविण्याचे कारणही नाही.

प्रश्न तिच्या चारित्र्याचा नसून वाचनपद्धतीचा आहे. पायाने अधू असलेल्या या स्त्रीने शत्रुसैन्याचा सागर हनुमंतासारखा उल्लंघिला, ही प्रतिमाही कल्हणाचीच. ती 'अलंकार' ठरते. तुंगाशी असलेल्या संबंधांचे वर्णन मात्र 'इतिहास' ठरते. हा भेद संहितेतला नव्हे, वाचकाच्या संस्कारातला आहे. क्षेमगुप्ताच्या नाण्यांवर त्याच्या नावाआधी 'दि' हे तिचे आद्याक्षर उमटले आहे. ते तिच्या हयातीतले. त्याला कल्हणाच्या साक्षीची गरज नाही. शिवाय तिने गादी दिली ती लोहर घराण्यातील आपल्या भाच्याला, संग्रामराजाला. त्याच घराण्यातील हर्षाच्या पदरी कल्हणाचा पिता चंपक अमात्य होता.