विमानतळाची गाडी कोणासाठी धावते?

फेडरेशनच्या बैठकीसाठी आम्ही तिघे पुण्याहून दिल्लीला गेलो ते विमानाने. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही म्हणून; तेव्हा वाचकांनी उगाच भुवया उंचावू नयेत. धुक्यामुळे विमानाला उशीर झाला आणि तीन नंबरच्या टर्मिनलमधून बाहेर पडायला रात्रीचा एक वाजला. मुक्काम पहाडगंजच्या एका लॉजवर होता. दिवसा हाच प्रवास सोपा. विमानतळाच्या पोटातून मेट्रो सुटते, वीस मिनिटांच्या आत नवी दिल्ली स्टेशनला सोडते, आणि पूल ओलांडला की पहाडगंज. पण मेट्रो रात्री साडेअकराच्या सुमारास बंद होते. टॅक्सीचे भाडे ऐकून आमच्या खजिनदारांचा चेहरा पडला.

जिन्याजवळ चार-पाच पोरे जॅकेटच्या टोप्या ओढून बसली होती. विमानात सामान चढवणारे लोडर, सगळे कंत्राटी. पाळी बारा वाजता सुटली होती. राहायला उत्तमनगरकडे. ते पहाटेच्या पहिल्या गाडीची वाट पाहत होते. रिक्षा करावी तर दिवसाच्या मजुरीचा मोठा तुकडा तीत जातो. म्हणजे आठ तास काम आणि वर जवळजवळ पाच तास फुकटची राखण! आम्ही तिघांनी मिळून टॅक्सी केली आणि निघून गेलो. ती पोरे तिथेच राहिली. त्या रात्रीपासून हा विषय आमच्या डोक्यातून जात नाही.

विमानतळापासून शहराच्या मध्यावरील हॉटेलपर्यंत सार्वजनिक वाहनाने कसे जावे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी पर्यटकाचा समजला जातो. वर्तमानपत्रे तो पर्यटकाच्या नजरेने लिहितात, सरकार तो ‘जागतिक दर्जा’च्या नावाने सोडवते. पण त्या पर्यटकाची बॅग विमानातून कोण उतरवते? हॉटेलातली त्याची चादर कोण धुते? रोज या मार्गाने दोन वेळा जावे लागते ते यांना. पर्यटक वर्षातून एकदा जातो. असे असता गाडीचे भाडे, वेळ आणि थांबे पर्यटकाकडे बघून का ठरावेत, याचे उत्तर आम्हाला कोणी देईल काय?

दिल्लीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

2008 साली विमानतळ मेट्रोचा तीस वर्षांचा करार खाजगी कंपनीशी झाला. रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर आणि स्पेनची काफ यांनी मिळून काढलेली ही कंपनी. बोगदे, पूल, स्थानकांचे बांधकाम ही खर्चाची आणि जोखमीची कामे दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने करायची, म्हणजे जनतेच्या पैशाने. कंपनीने रूळ, सिग्नल, गाड्या घालायच्या आणि तीस वर्षे भाडे वसूल करायचे. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेपूर्वी ही गाडी धावेल असे ढोल वाजवले गेले. स्पर्धा उरकल्या, पाहुणे घरी गेले, आणि गाडी सुरू झाली 23 फेब्रुवारी 2011 रोजी. खाजगी कंपनी म्हणजे वेळेवर काम, असे आम्हाला ऐकवले जाते, म्हणून ही तारीख सांगितली.

पुढे काय झाले? 7 जुलै 2012 रोजी गाडी बंद पडली. पुलाच्या बेअरिंगमध्ये आणि गर्डरमध्ये दोष असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. दोष होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सार्वजनिक कॉर्पोरेशनच्या देखरेखीखालील बांधकामात ते राहिले, त्याबद्दल जबाबदारी ठरवायलाच हवी होती, आणि हे आम्ही आमच्याच बाजूच्या मंडळींना सांगतो. पण कंपनीने काय केले पहा. ऑक्टोबर 2012 मध्ये करार संपवल्याची नोटीस दिली. दुरुस्ती झाली, मेट्रो सुरक्षा आयुक्तांनी प्रमाणपत्र दिले, जानेवारी 2013 मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. तरी 30 जून 2013 रोजी कंपनी हात झटकून बाहेर पडली. तीस वर्षांचा संसार अडीच वर्षांतच मोडला!

दुसऱ्या दिवशी, 1 जुलै 2013 रोजी, दिल्ली मेट्रो कॉर्पोरेशनने गाडी हाती घेतली. मंत्रालयात पंचतारांकित चर्चासत्र झाले नाही, परदेशी सल्लागार आले नाहीत. त्याच रुळांवर, त्याच गाड्या, सार्वजनिक क्षेत्राने चालवल्या.

आणि भाड्याचे काय झाले तेही पहा. त्या काळात जास्तीत जास्त भाडे 180 रुपयांवर गेले होते. एवढ्या भाड्यात दोघे-तिघे मिळून टॅक्सीच करतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला? डबे रिकामे धावत होते. कॉर्पोरेशनने जुलै 2014 मध्ये हे भाडे 100 वर आणले, सप्टेंबर 2015 मध्ये 60 वर. प्रवासी अनेक पटींनी वाढले. ज्या गाडीत फक्त चाकांच्या बॅगा दिसायच्या, तिच्यात डब्याच्या पिशव्या दिसू लागल्या. धौलाकुआं, एरोसिटी, द्वारका इथे चढणारे-उतरणारे बरेचसे कामावर जाणारे लोक आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये मार्ग द्वारका सेक्टर 25 पर्यंत वाढला आणि वेग ताशी 120 किलोमीटर झाला. हे सगळे सार्वजनिक मालकीत झाले. ‘सरकारला धंदा येत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा या गाडीत बसून यावे.

दरम्यान कंपनी लवादात गेली होती. 2017 मध्ये लवादाने तिच्या बाजूने निवाडा दिला: 2,782 कोटी रुपये आणि वर व्याज. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो 2019 मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा उभा केला. व्याज चढत चढत रक्कम 8,000 कोटींच्या घरात गेली. जी गाडी कंपनीने सोडली, जी कॉर्पोरेशनने चालवली, तिच्यासाठी कॉर्पोरेशननेच कंपनीला पैसे मोजायचे! अखेर 10 एप्रिल 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिका मान्य करून आपलाच आधीचा निकाल फिरवला आणि भरलेली रक्कम परत करण्यास सांगितले. सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राकडे लवादाने दुर्लक्ष केले, असे न्यायालयाने म्हटले. क्युरेटिव्ह याचिका मान्य होणे ही किती दुर्मिळ गोष्ट आहे, हे वकील मित्रांना विचारा. म्हणजे जनतेचे पैसे वाचले ते जवळजवळ शेवटच्या दारात. करार करताना मात्र असा दरवाजा कोणी उघडा ठेवला, हे विचारणारे संसदेत फारसे कोणी दिसले नाही.

मुंबईकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो जून 2014 मध्ये सुरू झाली, त्यात मुख्य भागीदार हीच कंपनी होती. करारातले भाडे 9 ते 13 रुपये, आणि पहिल्याच दिवसापासून वाद 10 ते 40 चा. उलट विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलखालून जाणारी मेट्रो-3 सरकारी कॉर्पोरेशनने बांधली. ऑक्टोबर 2024 मध्ये तिचा पहिला टप्पा आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला. सहारहून थेट सीएसएमटीला जाता येऊ लागले. स्वागतच आहे. पण सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात शेवटची गाडी रात्री साडेदहाची! मुंबईत विमाने रात्रभर उतरतात. रात्रपाळीच्या सफाई कामगार भगिनीने काय करावे? बेस्टने जावे म्हणाल, तर बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बसगाड्या मूठभर उरल्या आहेत. बाकी सगळा भाड्याच्या गाड्या आणि कंत्राटी चालकांचा कारभार. मे 2025 मध्ये किमान भाडे 5 वरून 10 रुपये झाले ते वेगळेच.

चेन्नईचे उदाहरण आम्हाला फार आवडते. विमानतळासमोर रस्ता ओलांडला की तिरुशूलम हे लोकलचे साधे स्टेशन. तिथून एग्मोरला जाणारी गाडी चहाच्या भावात मिळते. तिथे मेट्रोही 2016 पासून आहे, तीही चांगली. पण परदेशी पाहुण्यांना दाखवण्याच्या चित्रफितीत तिरुशूलम कधी येत नाही. जे स्वस्त आहे, ते मिरवायचे नसते!

आता थोडे आपल्या घरातले. दिल्ली-मुंबईचे विमानतळ खाजगी कंपन्यांना देण्याविरुद्ध फेब्रुवारी 2006 मध्ये विमानतळ कर्मचाऱ्यांनी संप केला. त्या लढ्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या वेळी आणि नंतरही, कामगार विमानतळावर पोचतो कसा आणि घरी जातो कसा, हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकांत क्वचितच आला. कायम कर्मचाऱ्याला कंपनीची गाडी होती, म्हणून कदाचित सुचले नसेल. ज्याला गाडी नाही तो कंत्राटी होता, आणि तो सभासद नव्हता. हे कडू आहे, पण खरे आहे. सार्वजनिक मालकी हे सगळ्याच प्रश्नांचे उत्तर आहे असाही आमचा भ्रम नाही. मेट्रोच्या स्थानकांवर सफाई आणि तिकीट खिडकी ठेकेदारांच्या माणसांकडे दिलेली आहे. त्यांच्या रजेचे आणि वेतनाचे काय, हे कॉर्पोरेशनला विचारलेच पाहिजे. पण खाजगी मालकीत हा प्रश्न विचारायला दारही नसते. कॉर्पोरेशनच्या दारात निदान मोर्चा नेता येतो, आमदार-खासदारांना उत्तर मागता येते. दिल्लीचे भाडे 180 चे 60 झाले, ते कंपनीच्या संचालक मंडळात कधी झाले असते काय?

म्हणून या वर्षीच्या मागण्यांत तीन गोष्टी घालण्याचा आमचा आग्रह आहे. विमानतळ आणि त्याभोवतीच्या हॉटेलांत रात्री सुटणाऱ्या पाळ्यांसाठी, शेवटची मेट्रो गेल्यापासून पहिली येईपर्यंत, दर अर्ध्या तासाला सार्वजनिक परिवहनाची बस. तिचे भाडे साध्या बसचे. रूळ-दुरुस्तीसाठी रात्री मेट्रो बंद ठेवावी लागते, हे आम्हाला माहीत आहे. बसला ती अडचण नाही. दुसरे, विमानतळाचा पास असलेल्या प्रत्येक कामगाराला, मग तो कंत्राटी का असेना, मेट्रोचा सवलतीचा मासिक पास. त्याचा खर्च विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने उचलावा. दिल्लीत ऑगस्ट 2025 मध्ये भाडे पुन्हा वाढले, तेव्हा ही मागणी तर तातडीची आहे. तिसरे, विमानतळाकडे जाणारा कोणताही नवा मार्ग खाजगी कंपनीला देण्याचा करार होणार असेल, तर त्याचा संपूर्ण मसुदा आधी प्रसिद्ध व्हावा.

बंगळूर, हैदराबाद, कोची, कोलकाता इथल्या साथींनी आपापल्या विमानतळाचे रात्रीचे वेळापत्रक, भाडे आणि पाळ्या सुटण्याच्या वेळा लिहून पाठवाव्यात. शक्यतो रात्री एक वाजता, जिन्याजवळ उभे राहून.